ओ गटाचा भरवसा

मार्च २०२०मध्ये गोव्याची सीमा बंद झाली तेव्हा काजूचा हंगाम ऐन भरात होता. इब्रामपूर हे पेडणे तालुक्याच्या पूर्व कडेचे गाव. पलीकडे लगेच महाराष्ट्राचा दोडामार्ग तालुका. एरवी इथली सीमा नकाशावर आणि दारूच्या दुकानांच्या पाट्यांवर तेवढी दिसते. सोयरीक पलीकडची, नोकरी अलीकडची, देवाला कौल लावायला तिसऱ्याच गावात, असा इथला व्यवहार. तो एकाएकी थांबला. बोंडू झाडाखाली पडून सडू लागले, माणसे घरात बसली आणि हातातल्या मोबाइलवर दिवसाला पन्नास बातम्या येऊ लागल्या. त्यांतली एक बातमी मात्र खरोखर अभ्यासातून आलेली होती. ए रक्तगटाच्या माणसांना कोविड जास्त होतो, ओ गटाच्या माणसांना कमी.

‘आमचो ओ, आमकां कांय जावचें ना,’ असे सांगणारे मग निघालेच. ते पेडण्यात होते तसे पुण्यात होते आणि दुबईतही होते. वाहन परवान्यावर, रक्तदान शिबिरात मिळालेल्या कार्डावर छापलेले ते एक अक्षर. कित्येकांनी ते त्या वर्षी पहिल्यांदा नीट वाचले असेल.

बातमी चीनमधून आली होती. वुहान आणि शेनझेन इथल्या तीन रुग्णालयांतल्या २१७३ रुग्णांचे रक्तगट तपासले गेले. वुहानच्या सर्वसाधारण लोकांत ए गट सुमारे ३२ टक्के, तर रुग्णांत जवळजवळ ३८ टक्के. ओ गट लोकांत सुमारे ३४ टक्के, तर रुग्णांत २६. फरक डोळ्यांत भरण्याजोगा होता. जूनमध्ये इटली आणि स्पेनच्या सात रुग्णालयांतला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांचे रक्तगट नुसते विचारलेले नव्हते. सगळी जनुके चाळून, गंभीर आजारी पडलेल्यांत काय वेगळे आहे ते शोधले होते. हाती दोन जागा लागल्या. एक तिसऱ्या गुणसूत्रावर आणि दुसरी नवव्यावर, नेमकी जिथे ए-बी-ओ रक्तगट ठरवणारे जनुक बसलेले असते तिथे.

इथपर्यंत ओ गटवाल्यांचे बरे चालले होते. नंतर अमेरिकेत युटा आणि आसपासच्या राज्यांतल्या एका रुग्णालय साखळीने लाखाहून अधिक चाचण्यांचा हिशेब मांडला आणि त्यात रक्तगटाचा काहीच संबंध दिसला नाही. आपल्याकडे सीएसआयआर या केंद्र सरकारच्या विज्ञान संशोधन परिषदेने आपल्या चाळीसेक प्रयोगशाळांतले कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय अशा दहा हजारांवर लोकांचे रक्त तपासले. त्यात ओ गटाच्या लोकांना लागण कमी झालेली दिसली. पण त्याच पाहणीत शाकाहारी लोकांना कमी झालेली दिसली आणि सिगारेट ओढणाऱ्यांनाही कमी! सिगारेटचे निष्कर्ष वाचून कुणी डॉक्टर बिडीची चिठ्ठी लिहून देणार नाही. अशा पाहणीत एका गोष्टीच्या आडून दुसरीच गोष्ट आकडा हलवत असते. सार्वजनिक बसने जाणाऱ्यांना आणि पहारा, साफसफाई अशी कामे करणाऱ्यांना लागण जास्त झाली होती. हाही त्याच पाहणीतला निष्कर्ष, पण त्याची बातमी तेवढी पसरली नाही.

जगभरचे आकडे एकत्र केल्यावर जे उरले ते असे: ओ गटाच्या माणसाला कोविडची लागण होण्याची शक्यता इतरांपेक्षा साधारण दहा टक्क्यांनी कमी. लागण झाल्यावर आजार किती वाढेल, यावर रक्तगटाचा फारसा परिणाम नाही. दहा टक्के म्हणजे काहीच नाही असे नव्हे. कोट्यवधी लोकांच्या हिशेबात तो मोठा आकडा होतो आणि शास्त्रज्ञाला त्यातून विषाणूचे वागणे कळते. पण म्हापशाच्या भरलेल्या कदंब बसमध्ये तासभर बसणाऱ्या एका माणसाच्या दृष्टीने तो फरक खिडकी उघडी आहे की बंद यापेक्षा कितीतरी लहान आहे.

तरी हा दहा टक्क्यांचा फरक येतो कुठून, हे पाहण्यासारखे आहे. कोविडच्या विषाणूला स्वतःचे बाहेरचे कवच करता येत नाही. ज्या पेशीत तो वाढतो तिच्याच पडद्याचा तुकडा पांघरून बाहेर पडतो आणि त्याच्या काट्यांवर त्या पेशीतल्याच साखरा चढलेल्या असतात. ए गटाच्या माणसाच्या घशातून निघालेला विषाणू ए गटाची साखर मिरवत येतो. ओ गटाच्या माणसाच्या अंगात ए आणि बी या दोन्हींविरुद्ध प्रतिद्रव्ये आधीपासून असतात. बाळपणी आतड्यात वस्तीला येणाऱ्या जिवाणूंच्या अंगावर तसल्याच साखरा असतात, त्यांच्यामुळे ती तयार होतात. ही प्रतिद्रव्ये त्या आगंतुकाला दारातच धरू शकतात. हे खरे असेल, तर कुणाला लागण सहज होईल हे केवळ घेणाऱ्याच्या गटावर ठरणार नाही, देणाऱ्याचाही गट पाहावा लागेल, अगदी रक्त चढवताना पाहतात तसा. फ्रान्समध्ये नवराबायकोंच्या जोड्या घेऊन हे पडताळले गेले. ज्या जोड्यांत एकाचे रक्त दुसऱ्याला चालण्यासारखे नव्हते, त्यांच्यात संसर्गही कमी वेळा पोहोचला. म्हणजे ओ गटाच्या माणसाला ओ गटाच्याच शेजाऱ्याकडून कोविड मिळाला, तर त्याच्या गटाचा त्याला कवडीचा उपयोग नाही.

कोविडची गोष्ट इथे सोडतो. रक्तगट आणि विषाणू यांचे खरे, ठसठशीत नाते दुसरीकडे आहे आणि तिथे जायची वाट मुंबईतून जाते.

१९५२च्या मे महिन्यात ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात एक छोटे टिपण छापून आले. लेखकांत मुंबईचे डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया होते. सोबत लंडनचे रेस आणि सँगर, तसेच मॉर्गन आणि वॉटकिन्स ही त्या काळच्या रक्तगटशास्त्रातली मातब्बर नावे होती. विषय होता मुंबईत सापडलेल्या तीन माणसांचे रक्त. नेहमीच्या चाचणीत ते ओ दिसत होते, कारण ए-विरोधी द्रवाने गुठळी होत नव्हती आणि बी-विरोधी द्रवानेही होत नव्हती. पण ओ गटाचे रक्त त्याच्याशी जुळवून पाहिले की त्या रक्ताच्या गुठळ्या होत. ओ गट सर्वांना चालतो, ही तोपर्यंतची पक्की समजूत. ज्याला ओसुद्धा चालत नाही असे हे रक्त होते. जगाने त्याला ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हटले. शहराचे नाव बदलून पाव शतकाहून जास्त काळ लोटला तरी रक्तपेढ्यांत अजून तेच नाव चालते.

या रक्तात काय नव्हते, ते समजून घेण्यासाठी लाल पेशीच्या पृष्ठभागावर जरा थांबायला हवे. तिथे साखरेच्या लहान लहान साखळ्या उभ्या असतात. साखळीच्या टोकाला फ्यूकोज नावाची साखर लागली की तयार होतो एच. ओ गटात काम इथेच थांबते. ए गटाच्या माणसाकडे एचवर आणखी एक साखर चढवणारे विकर असते, बी गटाच्या माणसाकडे वेगळी साखर चढवणारे. एबी गटाच्या माणसाकडे दोन्ही. म्हणजे एच हा पाया, ए आणि बी हे वरचे मजले. मुंबईच्या त्या माणसांत पायाच नव्हता. त्यांच्या जनुकांत ए किंवा बी असला तरी तो चढणार कशावर? आणि एच अंगात नसल्यामुळे त्यांच्या शरीराला एच हाच परका. ओ गटाच्या पेशी एचने भरलेल्या, म्हणून त्या चालत नाहीत. अशा माणसाला फक्त दुसऱ्या बॉम्बे गटाच्या माणसाचेच रक्त चालते.

युरोपात असे रक्त दहा लाखांत एखादे. भारतात साधारण दहा हजारांत एक मानतात आणि मुंबईतल्या एका जुन्या पाहणीत ७६०० माणसांमागे एक असे प्रमाण मिळाले होते. देशात ते पश्चिम आणि दक्षिण भागांत जास्त आढळते. दहा हजारांत एक धरले तर गोवा आणि सिंधुदुर्ग मिळून २०११च्या लोकसंख्येनुसार अशी सव्वादोनशेच्या आसपास माणसे असायला हवीत. त्यांतल्या बहुतेकांच्या कार्डावर ‘ओ’ लिहिलेले असणार, कारण शिबिरात काचपट्टीवर होणारी झटपट चाचणी फक्त ए आणि बी शोधते. खरे काय ते रक्तपेढीत उलट चाचणी करताना, माणसाच्या रक्तद्रवात ओ गटाच्या पेशी टाकून पाहिल्यावर कळते. हा गुण आईकडून आणि वडिलांकडून, दोघांकडून यावा लागतो. त्यामुळे जिथे सोयरिकी पिढ्यान् पिढ्या त्याच दहापंधरा गावांत आणि त्याच जातीत होत राहतात तिथे तो वर येण्याची शक्यता वाढते. आपल्याकडच्या सोयरिकीच्या घेऱ्याबद्दल जास्त बोलायला नको. तो वाचकाला माहीत आहे.

डॉ. भाटिया पुढे याच विषयात राहिले. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात १९५७मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र सुरू झाले. आज ते भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. दुर्मीळ रक्ताचे कोडे पडले की देशभरातून नमुने तिथे जातात.

आता विषाणूंकडे. एच तयार करणारी जनुके शरीरात दोन आहेत. दोन्ही एकोणिसाव्या गुणसूत्रावर शेजारीशेजारी. पहिले लाल पेशींसाठी काम करते. दुसरे आतड्याच्या अस्तरात, लाळेत, श्वसनमार्गाच्या चिकट स्रावांत एच बसवते. हे दुसरे चालू असेल तर माणसाच्या लाळेतही त्याचा रक्तगट उतरतो. अशा माणसाला स्रावक म्हणतात. दुसरे बंद असेल तर माणूस अस्रावक. रक्त ए गटाचे, पण लाळेत ए नाही. जगातल्या बऱ्याच समाजांत पाचांतला एक माणूस अस्रावक असतो. डीएनए चाचणी येण्यापूर्वी पोलिसांच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळा सिगारेटच्या थोटकावरच्या किंवा पाकीट चिकटवलेल्या थुंकीवरून संशयिताचा रक्तगट काढत, तो या स्रावकपणाच्या जोरावर. अस्रावक चोर त्यांच्या हाती असा लागत नसे.

ही गोष्ट कुठल्याही कार्डावर छापलेली नसते. आणि विषाणूंच्या दृष्टीने कार्डावरच्या अक्षरापेक्षा तीच कितीतरी जास्त महत्त्वाची आहे.

१९६८मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात नॉरवॉक नावाच्या गावच्या शाळेत मुले आणि शिक्षक यांना एकाच वेळी उलट्या-जुलाब सुरू झाले. चार वर्षांनी त्या जुलाबांच्या नमुन्यात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एक विषाणू दिसला. आज त्याच्या कुळाला नोरोव्हायरस म्हणतात. जगभर जुलाब-उलट्यांच्या साथींमागे सर्वाधिक वेळा हाच असतो. जहाज, वसतिगृह, लग्नाची पंगत, जिथे एका स्वयंपाकघरातून अनेक पानांत वाढले जाते तिथे तो पोहोचतो. तपासासाठी स्वयंसेवकांना हा विषाणू मुद्दाम पाजण्याचे प्रयोग सत्तरच्या दशकातच झाले आणि तेव्हा एक कोडे पडले. काही माणसे आजारीच पडत नसत. कितीही पाजा. पुन्हा पाजा. आणि ज्यांच्या रक्तात जुनी प्रतिद्रव्ये सापडत तेच उलट आजारी पडत. प्रतिकारशक्तीचे सगळे गणित उलटे.

उत्तर यायला २००३ साल उजाडले. ७७ स्वयंसेवकांच्या एका अभ्यासात २९ टक्के लोक अस्रावक निघाले आणि त्यांतल्या एकालाही नॉरवॉक विषाणूची लागण झाली नाही. विषाणू आतड्याच्या पेशीला चिकटतो तो तिच्यावरच्या एच साखळीला धरून. साखळी नाही तर चिकटायला जागा नाही, मग मात्रा कितीही असो. स्वीडनमधल्या नैसर्गिक साथींतही पुढे हेच दिसले. स्रावक लोकांतही भेद होता: नॉरवॉकच्या बाबतीत ओ गटाला धोका जास्त आणि बी गटाला कमी. कोविडने सुखावलेल्या ओ गटवाल्याने इथे जरा घुटमळावे.

पेडण्याच्या माणसासाठी यात एक जोडगोष्ट आहे. शापोरा नदीच्या मुखाकडे खडकांवर कालवां मिळतात. युरोपात कालवे कच्चीच खातात आणि तिथे नोरोव्हायरसच्या साथी पुष्कळदा कालवांतून निघतात. कालव खाडीचे पाणी गाळून खाते, तेव्हा पाण्यातले सगळेच त्याच्यात साठणार, असे पूर्वी वाटे. पण पाणी स्वच्छ करून ठेवले तरी कालवांतून हा विषाणू धुऊन निघत नसे. फ्रेंच संशोधकांनी पाहिले तर कालवाच्या पचनसंस्थेत माणसाच्या ए गटासारखीच एक साखर होती आणि विषाणू तिला धरून बसला होता. आपल्याकडे कालवां तिखट-सुकी करून, चांगली शिजवून खातात. हा रिवाज चवीसाठी पडला असेल, पण त्याने पोटही राखले.

मग अस्रावक माणूस सुखी का? तसे नाही. नोरोव्हायरस हे मोठे कूळ आहे आणि त्यातल्या काही जाती अस्रावकांनाही गाठतात. विषाणूंचा इतिहास हा या साखरांशी जुळवून घेण्याचाच इतिहास आहे. एखाद्या समाजात एक साखळी जास्त असेल तर तिला धरणारा विषाणू फोफावतो. मग ती साखळी नसलेली माणसे उरतात आणि मग त्यांना धरणारा विषाणू निघतो. भारतीय बॉम्बे गट तर या बाबतीत दोन पावले पुढे आहे. आपल्याकडच्या बहुसंख्य बॉम्बे गटाच्या माणसांत पहिल्या जनुकात एका अक्षराचा बदल झालेला असतो आणि शेजारचे दुसरे जनुक सबंध गळालेले असते. शेजारी म्हणून दोन्ही दोष एकत्रच पुढच्या पिढीत उतरतात. म्हणून हा माणूस रक्तातही एच नसलेला आणि आतड्यातही एच नसलेला. हेच भारतीय बदल हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर ऊसमळ्यांत मजुरीला नेलेल्या भारतीयांच्या वंशजांतही सापडले. रक्त चढवायचे म्हटले तर या माणसाइतका अडलेला कुणी नाही. पण नॉरवॉकसारख्या विषाणूला त्याच्या आतड्यात चिकटण्यासारखे काही सापडणार नाही.

सोयीचा गट आणि गैरसोयीचा गट हे असे पानागणिक बदलत जाते. पटकीत ओ गटाची माणसे जास्त गंभीर आजारी पडतात, हे फिलिपिन्स आणि बांगलादेशातल्या अभ्यासांत दिसले. गंगेच्या मुखाकडच्या प्रदेशात ओ गटाचे प्रमाण कमी असण्याचे एक कारण पटकीची शतके हे असावे, असे काही जण मानतात. मेंदूपर्यंत जाणाऱ्या फाल्सिपेरम मलेरियात मात्र ओ गटाला आधार मिळतो. हे दोन्ही विषाणू नव्हेत, एक जिवाणू आणि दुसरा परजीवी. पण साखरेचा खेळ तोच. ए-बी-ओच्या बाहेरचाही एक रक्तगट इथे सांगायला हवा. पारवोव्हायरस बी-१९ नावाचा विषाणू मुलांचे गाल चापट मारल्यासारखे लाल करतो आणि सिकलसेलच्या रुग्णांत रक्त तयार होणेच काही दिवस थांबवतो. तो ‘पी’ नावाच्या रक्तगट-प्रतिजनाला धरून पेशीत शिरतो. ज्यांच्या पेशींवर पी नसतो अशी माणसे लाखांत एखादी, पण त्यांना हा आजार होतच नाही, हे १९९४मध्ये सिद्ध झाले.

कोणत्या देशात कोणता गट किती, हे मोजण्याची सुरुवातही युद्धातली. पहिल्या महायुद्धात ग्रीसच्या उत्तर भागात सालोनिकाच्या आघाडीवर लुडविक आणि हांका हिर्शफेल्ड या डॉक्टर जोडप्याने तिथे जमलेल्या अनेक देशांच्या सैनिकांचे रक्तगट तपासले. भारतीय सैनिकांत बी गटाचे प्रमाण दहात चार निघाले, युरोपीय सैनिकांपेक्षा कितीतरी जास्त. त्यांचे निष्कर्ष १९१९मध्ये छापले गेले आणि पुढची वीस वर्षे त्यांच्या आधारे वंशांची उतरंड लावण्याचे वेडे उद्योगही झाले. आज त्याच आकड्यांकडे पाहताना मनात येते ते असे, की कुठल्या साथींतून कोण वाचले याची ती पुसट नोंद असावी.

आता परत दोडामार्गाच्या वेशीवर येऊ. कारण या भागात ज्या विषाणूला माणसे खरोखर घाबरली तो कोविडच्या आधी आला होता. त्याला लोक माकडताप म्हणतात. वैद्यकात त्याचे नाव क्यासनूर जंगल रोग. कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात १९५७मध्ये आधी माकडे मरून पडू लागली, मग माणसांना ताप येऊ लागला. विषाणू गोचिडीतून पसरतो. पुण्याच्या विषाणू संस्थेने तो शोधून काढला. जवळपास सहा दशके तो कर्नाटकाच्या त्याच पट्ट्यात राहिला आणि मग सह्याद्रीच्या कडेने सरकत आला. २०१५मध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या पाली गावात, २०१६च्या सुरुवातीला दोडामार्गच्या केर गावात, पुढच्या वर्षी बांद्याच्या आसपास. इब्रामपूरपासून ही गावे एका दिवसाच्या सोयरिकीइतकी जवळ.

या तापात कोण आजारी पडले ते पाहा. डिसेंबर ते मे हा गोचिडीच्या पिल्लांचा काळ आणि काजूचा हंगामही त्यातलाच. बोंडू गोळा करायला वाकणारी बाई, पालापाचोळा झाडणारा गडी, गुरे घेऊन सड्यावर जाणारा, लाकडे आणायला रानात शिरणारा. मेलेले माकड जिथे पडते तिथे त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून पाचोळ्यात पसरतात आणि तिथून जाणाऱ्याच्या पायावर चढतात. पायाला तेल लावणे, पूर्ण अंगभर कपडे घालणे, मेलेल्या माकडाची खबर आरोग्य केंद्राला देणे, हे बचावाचे उपाय होते. बागायतदाराचा रक्तगट आणि त्याच्याकडे मजुरीला आलेल्या बाईचा रक्तगट एकच असू शकतो. पाचोळ्यात दिवसभर वाकून मात्र तीच असते.

विषाणूला माणसाच्या आत शिरण्याआधी माणसाजवळ पोहोचावे लागते. साखळीचा प्रश्न त्यानंतरचा. वुहानच्या टक्केवाऱ्या वाचताना हा क्रम विसरला जातो. पेडणे तालुक्याला पाणी पुरवणारा चांदेलचा प्रकल्प, घरातला संडास, स्वयंपाक करणाऱ्याचे धुतलेले हात, या गोष्टी नोरोव्हायरसला ओ गट आणि बी गट यांच्यात निवड करण्याची संधीच देत नाहीत.

एका ठिकाणी मात्र साखळीचा प्रश्न थेट सरकारी धोरणाच्या दारात येतो आणि तो आहे रोटाव्हायरसचा. लहान मुलांना जुलाबाने सुकवून टाकणारा हा विषाणू. त्याच्या ज्या जाती जगात सर्वाधिक फिरतात त्या आतड्यावरच्या एच आणि तिच्या जोडीच्या साखरांना धरतात. म्हणून अस्रावक बाळांना त्यांचा त्रास कमी होतो. पण रोटाव्हायरसची लस ही तोंडाने द्यायची जिवंत लस आहे. ती काम करते ते आतड्यात थोडीशी ‘लागण’ करून. बाळाच्या आतड्यात विषाणूला धरायला साखळी नसेल तर लसीलाही ती नसणार! पाकिस्तान, निकाराग्वा इथल्या अभ्यासांत असेच दिसले. परदेशी बनावटीच्या एका लसीचा परिणाम अस्रावक बाळांत कमी भरला.

भारताची पहिली स्वदेशी रोटाव्हायरस लस या बाबतीत वेगळी निघाली आणि तीही आधी ठरवून नव्हे. १९८५-८६मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. महाराज किशन भान आणि सहकाऱ्यांना आढळले की नवजात बाळांच्या कक्षात रोटाव्हायरसची एक जात फिरते आहे, पण बाळांना जुलाब होत नाहीत. उलट पुढे त्यांना गंभीर आजारापासून संरक्षण मिळते. ती जात वाढवून हैदराबादच्या भारत बायोटेकने लस बनवली. दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळचे वढू या तीन ठिकाणी ६७९९ बाळांवर तिची चाचणी झाली. वढूचे काम पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने पाहिले. गंभीर रोटाव्हायरस जुलाबांपासून संरक्षण सुमारे ५५ टक्के मिळाले. २०१६पासून ही लस राष्ट्रीय लसीकरणात आली आणि पुढे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लसही तिच्या जोडीला आली. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या बाळांच्या तोंडात थेंब सोडायचे, एवढेच आरोग्यसेविकेला करायचे असते.

त्या दिल्लीच्या बाळांतल्या विषाणूच्या गटातली दुसरी एक जात वेल्लोरच्या नवजात कक्षातही फिरत होती. ती कशाला चिकटते हे २०१३मध्ये तपासले गेले. ती एचला चिकटत नव्हती. एच लागण्याआधीची जी उघडी, अपुरी साखळी असते तिला ती धरत होती. नवजात बाळाच्या आतड्यात अशा अपुऱ्या साखळ्या भरपूर असतात, मूल वाढते तसतशा त्या पुऱ्या होत जातात. म्हणूनच हा विषाणू प्रसूतिगृहांत राहतो, अंगणवाडीत दिसत नाही. आणि हीच उघडी साखळी बॉम्बे गटाच्या माणसाच्या लाल पेशींवर जन्मभर तशीच राहते.

उरलेल्या ४५ टक्क्यांचे काय, हा प्रश्न लस बनवणाऱ्यांना अजून सतावतो. श्रीमंत देशांत अशा लसी यापेक्षा कितीतरी जास्त काम करतात. आईच्या दुधातली प्रतिद्रव्ये, सोबत दिलेले पोलिओचे थेंब, आतड्यात आधीच दाटलेली जिवाणूंची गर्दी आणि कुपोषण ही कारणे तपासली जात आहेत. त्या यादीत बाळ स्रावक आहे की अस्रावक, हेही आता असते. त्यासाठी रक्त काढावे लागत नाही, लाळेचा एक बोळा पुरतो.